हळदीचा डाग लाल का होतो?
अम्ल, अल्कली आणि त्यांचे दर्शक

हळदीचा डाग पडलेले पांढरे कापड साबणाने घासू लागले, की डाग निघण्याऐवजी प्रथम लालभडक होतो. कापड भरपूर पाण्याने खळबळले म्हणजे तीच लाली नाहीशी होऊन जुना पिवळा डाग पुन्हा दिसू लागतो. हा प्रकार आपल्याकडील प्रत्येक घरात घडतो आणि इतक्या वेळा घडतो, की त्याचे कोणास नवल वाटत नाही. वस्तुतः रसायनशाळेतील काचेच्या नळीत जी परीक्षा मुद्दाम घडवून आणावी लागते, तीच येथे मोरीच्या दगडावर आपोआप घडून गेलेली असते. साबणाचे पाणी अल्कली आहे, ही बातमी हळदीने रंग पालटून दिलेली असते. अशी बातमी देणाऱ्या पदार्थास रसायनशास्त्रात 'दर्शक' म्हणतात.

दिल्लीच्या जुन्या शहरातील खारी बावली ही मसाल्याची मोठी घाऊक पेठ होय. बावली म्हणजे पायऱ्यांची विहीर. त्या विहिरीचे खारे पाणी आता कोणास पाहावयास मिळत नाही, परंतु नावात ते टिकून राहिले आहे. या पेठेत हळद पोत्यांनी येते आणि पोत्यांनी जाते. एवढ्या ढिगातील चिमूटभर हळद शाळेतील एका वर्गास वर्षभर पुरेल इतके दर्शक कागद देऊ शकते.

ते करण्याची रीत सोपी आहे. दोन चमचे हळद अर्धी वाटी स्पिरिटमध्ये टाकून ढवळावी व तासभर झाकून ठेवावी. हळदीतील रंगद्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, स्पिरिटमध्ये सहज विरघळते. म्हणून पाण्याने काम भागत नाही. वरचा निवळ पिवळा द्राव वेगळा करून त्यात टीपकागदाच्या पट्ट्या बुडवाव्या आणि त्या सावलीत वाळवाव्या. उन्हात वाळवू नयेत, कारण हा रंग उन्हाने विटतो. हळदीचे डाग पडलेले कापड गृहिणी उन्हात टाकतात ते याच कारणाने. स्पिरिट पेट घेणारे असल्यामुळे जवळपास दिवा किंवा शेगडी नसावी, आणि हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावे.

आता एका पट्टीवर चुन्याची निवळी, दुसरीवर धुण्याच्या सोड्याचे पाणी व तिसरीवर लिंबाचा रस, असे एकेक थेंब टाकून पाहावे. निवळी आणि सोडा यांखाली पट्टी तांबडी होईल. लिंबाखाली ती पिवळीच राहील. तांबड्या झालेल्या डागावर लिंबू पिळल्यास तो पुन्हा पिवळा होईल आणि वरून सोडा घातल्यास पुन्हा तांबडा. (चुन्याची निवळी डोळ्यांत उडू देऊ नये.) पण चौथ्या पट्टीवर साध्या पाण्याचा थेंब टाकला, तर तीही पिवळीच राहते. म्हणजे हळद अल्कली तेवढी ओळखते. साधे पाणी आणि लिंबाचा रस यांतील भेद तिला कळत नाही. ही उणीव लक्षात ठेवावी, पुढे तिचे महत्त्व दिसून येईल.

अम्ल आणि अल्कली अशा दोन्ही बाजू दाखविणारा पदार्थ हवा असेल, तर जांभूळ घ्यावे. नवी दिल्ली वसविताना रस्त्यांच्या दुतर्फा जी झाडे लावली गेली, त्यांत जांभळाची झाडे पुष्कळ आहेत. २०२२ पासून कर्तव्यपथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पूर्वीच्या राजपथावर त्यांच्या रांगाच आहेत. पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांखालच्या पायवाटा जांभळ्या होऊन जातात. पिकलेल्या जांभळाच्या सालीचा रस पाण्यात काढून तीन पेल्यांत वाटावा. एकात लिंबू पिळले की रस लालसर होतो. दुसऱ्यात सोडा टाकला की तो निळसर-हिरवट होतो. तिसरा मूळचा जांभळा राहतो. या रसातील रंगद्रव्ये अँथोसायनिन वर्गातील आहेत. हाच वर्ग जास्वंदीच्या पाकळीत आणि तांबड्या कोबीच्या पानात आढळतो, म्हणून ज्या गावी जांभळाचा हंगाम सरला असेल तेथे जास्वंदीची फुले गरम पाण्यात घालून काम भागते. सोडा घातलेला रस मात्र तसाच ठेवू नये. काही वेळाने त्यातील रंगद्रव्य मोडून तो पिवळट पडतो आणि मग लिंबू पिळूनही लाली परत येत नाही.

फुलांच्या रसाची ही करामत युरोपात प्रथम पद्धतशीरपणे नोंदविली ती रॉबर्ट बॉइल यांनी. १६६४ साली प्रसिद्ध झालेल्या रंगांविषयीच्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे दाखविले, की व्हायोलेट फुलांचे सरबत अम्लाने लाल आणि अल्कलीने हिरवे होते. त्यापूर्वी अम्ल ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे त्याची आंबट चव. जो पदार्थ जिभेवर ठेवण्याजोगा नाही, त्याची परीक्षा करण्यास ती खूण निरुपयोगी, हे सांगावयास नको. बॉइल यांच्यामुळे जिभेचे काम डोळ्यांकडे आले.

शाळेतील लिटमस कागदही वनस्पतिजन्यच आहे. तो शैवाकापासून, म्हणजे दगडफुलाच्या जातीपासून काढतात. आपल्या गोड्या मसाल्यात पडणारे आणि खारी बावलीत टोपल्यांतून विकले जाणारे दगडफूल हे त्याचे भाऊबंद. लिटमसाची जात मात्र वेगळी, तिचे नाव रोसेला. ती समुद्रकाठच्या खडकांवर वाढते. हॉलंडमधील कारागीर हे शैवाक अमोनिया, चुना आणि पोटॅश यांच्यासह कित्येक दिवस आंबवीत आणि त्यातून निळा रंग मिळवीत. त्या रंगात एक नव्हे, अनेक द्रव्यांचे मिश्रण असते. अम्लात ते तांबडे व अल्कलीत निळे दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रंग पालटतो म्हणजे नेमके काय होते?

पुष्कळांची अशी समजूत असते, की अम्ल किंवा अल्कली त्या पदार्थास रंग 'चढविते'. तसे नाही. दर्शक हा स्वतःच एक दुबळे अम्ल (किंवा दुबळी अल्कली) असतो, आणि सगळी घडामोड त्याच्याच रेणूत होते. अम्ल म्हणजे हायड्रोजनचा आयन, अर्थात एक प्रोटॉन, देऊ शकणारा पदार्थ. अल्कलीच्या द्रावात तो प्रोटॉन ओढून घेणारे हायड्रॉक्सिल आयन विपुल असतात. हळदीतील पिवळ्या द्रव्याचे नाव करक्युमिन. १८१५ साली ते हळदीतून वेगळे काढण्यात आले आणि त्याची रचना १९१० साली निश्चित झाली. या रेणूच्या दोन टोकांस कार्बनची दोन कडी आहेत, आणि त्यांना जोडणारी कार्बनच्या अणूंची साखळी अशी आहे, की तिच्यातील काही इलेक्ट्रॉन एकाच अणूला बांधलेले नसून साऱ्या साखळीभर पसरलेले असतात. असे मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून घेतात. करक्युमिनचा रेणू जांभळा-निळा प्रकाश शोषतो, उरलेला आपल्या डोळ्यांकडे येतो, आणि आपण म्हणतो, हळद पिवळी आहे.

अल्कली या रेणूतून एक प्रोटॉन काढून घेते. प्रोटॉन गेला, पण ज्या इलेक्ट्रॉनांनी त्याला धरून ठेवले होते ते मागे राहिले. रेणूवर ऋण भार आला आणि हे मागे राहिलेले इलेक्ट्रॉनही साखळीत मिसळून गेले. इलेक्ट्रॉनांचा वावर असा वाढला, की त्यांना हलविण्यास पूर्वीपेक्षा कमी ऊर्जेचा प्रकाश पुरतो. त्यामुळे शोषला जाणारा प्रकाश जांभळ्या-निळ्याकडून निळ्या-हिरव्याकडे सरकतो आणि डोळ्यांस लाल रंग दिसतो. लिंबू पिळले म्हणजे हायड्रोजनच्या आयनांची रेलचेल होऊन गेलेला प्रोटॉन परत मिळतो आणि रेणू पूर्ववत् पिवळा होतो. एका प्रोटॉनाची ही देवघेव! रेणूतील बाकीचे सगळे अणू जागच्या जागी असतात.

फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकात बदल याहून ठळक आहे. १८७१ साली जर्मन रसायनज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी तो प्रथम तयार केला. त्याच्या रेणूत तीन कडी एका कार्बनच्या अणूभोवती जोडलेली असतात, परंतु अम्लात तो मधला अणू असा गुंतलेला असतो, की एका कड्यातील इलेक्ट्रॉनांस दुसऱ्यात जाता येत नाही. तुटक तुटक कडी फक्त अदृश्य अतिनील किरण शोषतात, म्हणून द्राव पाण्यासारखा रंगहीन दिसतो. अल्कलीने प्रोटॉन काढून घेतले की मधली गाठ सुटते, कडी एकमेकांशी जोडली जातात, आणि हिरवा प्रकाश शोषला जाऊन द्राव गुलाबी होतो.

खऱ्या दर्शकाची कसोटी ही, की त्याचा बदल उलटविता आला पाहिजे. विडा खाल्ल्यावर तोंड रंगते, तेही काथ आणि सुपारी यांवर चुन्याचा परिणाम होऊनच. पण तेथे चुन्याच्या सान्निध्यात काथातील द्रव्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन नवीनच लाल द्रव्ये बनतात. त्यांवर लिंबू पिळल्याने मूळचा काथ परत मिळत नाही. म्हणून चुन्याने रंगलेला विडा आणि चुन्याने रंगलेली हळद या दिसण्यात सारख्या, परंतु रसायनदृष्ट्या दोन निराळ्या गोष्टी होत.

कुंकवाचे उदाहरण तर याहूनही विचार करण्याजोगे आहे. सोलापूर जिल्ह्यातील केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. हळदीपासून कुंकू करण्याच्या जुन्या रीतीत हळकुंडांस लिंबाचा रस आणि टाकणखार यांची पुटे देत. (आज बाजारात मिळणारे बरेचसे कुंकू कृत्रिम रंगाचे असते, ते येथे अभिप्रेत नाही.) आता वर सांगितलेला नियम लावला, तर लिंबाच्या रसात हळद पिवळीच राहावयास हवी, मग कुंकू लाल का? याचे कारण टाकणखारातील बोरॉन या मूलद्रव्याकडे शोधावे लागते. अम्लाच्या सान्निध्यात बोरॉन व करक्युमिन यांचा संयोग होऊन लाल संयुग तयार होते आणि ते लिंबाने पिवळे होत नाही. रसायनशाळेत बोरॉन ओळखण्याची एक जुनी परीक्षा याच गुणावर आधारलेली आहे: हळदीचा कागद बोरिक अम्ल व थोडे हायड्रोक्लोरिक अम्ल यांत भिजवून वाळविला की तांबूस-तपकिरी होतो, आणि त्यावर अल्कली टाकली की हिरवट-काळा पडतो. केवळ अल्कलीने लाल झालेला कागद असे करीत नाही. एकच लाल रंग दोन निरनिराळ्या कारणांनी येऊ शकतो, आणि ते कोणते हे ठरविण्यास दुसरी परीक्षा करावी लागते.

आतापर्यंत आपण अम्ल आणि अल्कली असे दोनच भाग मानले. पण ताक आणि लिंबू दोन्ही आंबट असली तरी सारखी आंबट नाहीत. हा फरक आकड्यांत सांगण्याची सोय १९०९ साली डेन्मार्कमधील रसायनज्ञ सोरेनसेन यांनी केली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ते प्रथिने आणि विकरे यांवर काम करीत होते. विकरांचे कार्य द्रावातील हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावर फार अवलंबून असते, आणि ते प्रमाण लिहावयाचे तर दशांश चिन्हापुढे शून्यांची माळ लावावी लागे. सोरेनसेन यांनी शून्ये मोजून तेवढा घात लिहिण्याची युक्ती काढली. त्या आकड्यास 'पीएच' आणि मराठीत 'सामू' म्हणतात. आपल्याकडील शेतकऱ्यांस हा शब्द मातीपरीक्षेच्या पत्रकावरून परिचित आहे.

२५ अंश सेल्सियस तापमानास शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. त्याहून कमी तो अम्ल, अधिक तो अल्कली. सामू एकाने उतरला की हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहापट वाढते, हे नीट ध्यानात घ्यावे. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५, दह्याचा ४ ते ४.५, ताज्या दुधाचा ६.६ ते ६.८, मनुष्याच्या रक्ताचा ७.३५ ते ७.४५, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा सुमारे ८.३, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास आणि चुन्याच्या निवळीचा १२ च्या वर असतो. दही आणि लिंबू यांच्या सामूत दोनाचे अंतर आहे, म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात शंभरपटीचे.

प्रत्येक दर्शक आपला रंग कोठे पालटील हे त्याचा रेणू प्रोटॉनास किती घट्ट धरून ठेवतो यावर अवलंबून असते. मेथिल ऑरेंज ३.१ पासून ४.४ पर्यंत तांबड्याचा पिवळा होतो. ब्रोमोथायमॉल ब्लू ६.० ते ७.६ या दरम्यान पिवळ्याचा हिरवा होऊन निळा होतो. हळद ७.४ च्या पुढे तांबूस होऊ लागते. फिनॉल्फ्थॅलीन ८.२ पर्यंत रंगहीन असून १० च्या सुमारास पूर्ण गुलाबी असतो. रंगबदल एका क्षणात न होता असा पट्ट्यापट्ट्याने का होतो, त्याचेही उत्तर आहे. त्या पट्ट्यात प्रोटॉन असलेले आणि प्रोटॉन गमावलेले असे दोन्ही रेणू एकाच वेळी असतात. एका रंगाचे रेणू दुसऱ्याच्या सुमारे दहापट झाल्याशिवाय आपल्या डोळ्यास शुद्ध रंग दिसत नाही, म्हणून दोन टोकांच्या मध्ये सामूचे साधारण दोन अंश जातात.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे विद्यार्थ्यांची अनेक उत्तरे चुकतात. व्हिनेगरमध्ये ॲसेटिक अम्ल किती आहे हे कॉस्टिक सोडा थेंबथेंब घालून मोजावयाचे आहे, अशी कल्पना करा. अम्ल पूर्ण संपते तेव्हा द्रावाचा सामू ७ नसून ८ च्या पुढे गेलेला असतो. फिनॉल्फ्थॅलीन तेथेच गुलाबी होतो आणि बरोबर उत्तर देतो. त्याऐवजी मेथिल ऑरेंज घातला, तर सामू ४.४ ला पोचताच तो पिवळा होऊन मोकळा होतो. त्या वेळी जेमतेम एक-तृतीयांश अम्ल संपलेले असते. दर्शकाने खोटे सांगितले असे नाही. त्याला विचारलेला प्रश्नच निराळा होता.

सामान्य विहिरीचे किंवा नदीचे पाणी घेतले तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. अशा पाण्यात बायकार्बोनेटे विरघळलेली असतात. त्यात फिनॉल्फ्थॅलीन टाकला तर रंग येत नाही; पाहणारा म्हणेल, हे अल्कली नाही. त्याच पाण्यात मेथिल ऑरेंज टाकला तर तो पिवळा होतो. पाहणारा म्हणेल, हे अम्ल नाही. मग त्यात मोजून अम्ल घालू लागावे. मेथिल ऑरेंज तांबूस होईपर्यंत जेवढे अम्ल खर्ची पडते, तेवढी त्या पाण्याची अम्ल पचविण्याची शक्ती होय. या गुणास उभयरोधकता असे नाव आहे. सामू एवढ्या एका आकड्यावरून ती कळत नाही.

दर्शकाच्या अशा उपयोगाचे एक उदाहरण दुधाचे आहे आणि ते शहरातील प्रत्येक कुटुंबाशी संबंधित आहे. दूध दुरून येते, उन्हात तापते, आणि त्यातील जंतू दुधातील साखरेचे लॅक्टिक अम्ल करू लागतात. असे दूध तापविताना नासते. ते नासू नये म्हणून काही विक्रेते त्यात सोडा घालतात. सोडा अम्लाचा परिहार करतो. जंतूंचा मात्र नाही. गिऱ्हाइकास ताजे वाटणारे दूध खरोखर शिळे असते. हे ओळखण्यासाठी दुधात तितकेच अल्कोहोल मिसळून रोझोलिक अम्ल या दर्शकाचे काही थेंब टाकतात. शुद्ध दूध तपकिरी छटा दाखविते, सोडा घातलेले दूध गुलाबी-लाल होते. परीक्षा झटपट होते, पण तिलाही मर्यादा आहे. लबाडी करणाऱ्याने आंबटपणा मोजून नेमका तेवढाच सोडा घातला, तर दुधाचा सामू पूर्वीच्या जागी येतो आणि दर्शकास सांगण्यासारखे काही उरत नाही. अशा वेळी दूध जाळून त्याच्या राखेची अल्कली मोजावी लागते, कारण सोड्यातील सोडियम राखेत शिल्लक राहते.

शेवटचे उदाहरण यमुनेचे. वजिराबादपासून ओखल्यापर्यंत ही नदी दिल्ली शहरातून सुमारे २२ किलोमीटर वाहते. वजिराबादच्या बांधाखाली तिला नजफगढचा नाला मिळतो, त्यापुढे इतर नाले मिळत जातात. हिवाळ्याच्या तोंडाशी कालिंदी कुंजजवळ पाण्यावर पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगताना दिसतात. मैलापाण्यातून आलेली साबणासारखी द्रव्ये बांधावरून पडणाऱ्या पाण्यात घुसळली जातात, त्याचा हा फेस होय. स्नानयोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ज्या अटी घातल्या आहेत, त्यांतील एक अशी, की सामू ६.५ ते ८.५ असावा. या फेसाळ पाण्यात दर्शक कागद बुडविला तर काय दिसेल? बहुतेक वेळा कागद ७ ते ८ यांमधील रंग दाखवील, म्हणजे अट पुरी झाली!

मागील विवेचन ज्याने ध्यानात ठेवले असेल, त्यास यात नवल वाटणार नाही. नदीचे पाणी आणि मैलापाणी या दोहोंत बायकार्बोनेटे भरपूर असतात. त्यांच्या उभयरोधकतेमुळे पुष्कळ घाण मिसळूनही सामू फारसा हलत नाही. दर्शक हायड्रोजनच्या आयनांविषयी बोलतो. जंतू, साबण वा सडणारे द्रव्य यांविषयी त्याला विचारता येत नाही.

तरीही सामू निरुपयोगी ठरत नाही, हे अमोनियावरून दिसते. मैलापाण्यातून आलेला अमोनिया नदीत दोन रूपांत असतो: प्रोटॉन घेतलेला अमोनियम आयन आणि मोकळा अमोनिया. माशांस विशेष घातक असतो तो मोकळा अमोनिया. २५ अंश तापमानास सामू ७ असता एक हजारात सुमारे ६ रेणू मोकळे असतात. सामू ८ झाला की शंभरात ५ आणि ९ झाला की शंभरात सुमारे ३६. एकाच पाण्यातील तेवढाच अमोनिया सामूच्या एका पायरीने जवळजवळ दहापट घातक होतो. ज्या प्रोटॉनाच्या देवघेवीने हळदीचा डाग लाल झाला, तीच देवघेव येथे रंगावाचून चाललेली असते. पिण्याच्या पाण्यात अमोनिया लिटरला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा, असे भारतीय मानक आहे. वजिराबाद येथे नदीतून उचललेल्या पाण्यात तो लिटरला सुमारे १ मिलिग्रॅमच्या वर गेला, की तेथील जलशुद्धीकरण कमी करावे किंवा थांबवावे लागते, आणि शहराच्या काही भागांत नळास पाणी येत नाही.

म्हणून नदीची परीक्षा करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने दर्शक कागदाबरोबर दुसरीही एक बाटली न्यावी. स्नानयोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला निदान ५ मिलिग्रॅम असावा लागतो. तो मोजण्याची रीत हंगेरीचे रसायनज्ञ विंक्लर यांनी १८८८ साली बसविली. काठोकाठ भरलेल्या बाटलीत मँगनीजचे लवण आणि आयोडाइड मिसळलेली अल्कली घालतात. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. मग अम्ल घालून त्यातून आयोडीन मोकळे करतात आणि ते मोजताना दर्शक म्हणून पिठाची खळ वापरतात. खळीचा निळा रंग नाहीसा झाला की मोजणी पुरी झाली. हाही दर्शकच, परंतु आयोडीनचा. सामूशी त्याचा संबंध नाही. दिल्लीतून वाहणाऱ्या यमुनेच्या अनेक ठिकाणच्या नमुन्यांत अलीकडच्या वर्षांत मोजण्याइतकाही प्राणवायू आढळलेला नाही. अशा पाण्याच्या बाटलीत साका तपकिरी न होता पांढराच राहतो, आणि पिठाची खळ घालण्याची वेळ येत नाही.